वस्तीची गाडी

सव्वासहाची गाडी पावणेसातला सुटली. सुटली म्हणजे आधी मागे गेली. एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते, त्यामुळे कुठंही पुढं जायचं तर पहिल्यांदा मागं यावं लागतं. मास्तर खाली उतरून गाडीच्या पाठीमागे गेले, तोंडात शिट्टी धरली आणि तळहातानं पत्र्यावर थाप मारत राहिले. थाप चालू आहे तोवर येऊ द्या. थाप थांबली की ब्रेक. मध्येच एक दुचाकीवाला घुसला. शिट्टीचा एक लांब सूर, आणि गाडी जागच्या जागी. मी बॉनेटच्या कडेला उभा होतो. अण्णा तेव्हा आरशात बघत नव्हते, समोर फलाटावरच्या चहावाल्याकडे बघत होते.

संपादकांनी विषय दिला होता, ‘कामातली प्रेरणा आणि माणसं’. असा विषय मिळाला की हात आपोआप मोठ्या उद्योगपतींच्या चरित्रांकडे जातो. माझाही गेला होता. पण गेल्या वर्षी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर एका कंपनीचं शिबिर पाहिलं होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. त्यात एक खेळ होता. डोळे मिटून पाठीमागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. यातून विश्वास वाढतो. सगळे झेलले गेले, टाळ्या झाल्या, जेवणात पनीर होतं. परतीच्या बसमध्ये त्यातलेच दोघं शेवटच्या बाकावर बसून तिसऱ्याचं प्रमोशन कसं अडवलं ते एकमेकांना सांगत होते. मी पुढच्या बाकावर झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतो.

म्हणून ही गाडी. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावरचं एक गाव, तिथं रात्री जाऊन राहायचं आणि पहाटे परत यायचं. एसटीत हिला वस्तीची गाडी म्हणतात, कुणी मुक्कामी गाडी म्हणतं. रात्री शेवटची आणि सकाळी पहिली, अशी दोन्ही कामं ती एकटी करते. तालुक्याला कामाला गेलेली माणसं, दवाखान्यातून सुटलेली, बाजार करून आलेली रात्री वर पोचवायची, आणि सकाळी कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, कोर्टाच्या तारखेला निघालेली म्हातारी खाली आणायची. चालक आणि वाहक रात्री गाडीतच झोपतात, नाहीतर देवळात. घरी जेवण नाही, अंघोळ थंड पाण्याची. ही ड्युटी कुणी हौसेनं मागून घेत नाही. एरवी आगारातल्या जोड्या तक्त्याप्रमाणे बदलत राहतात. पण जिथं दुसरं कुणी यायला राजी नाही तिथं जोडी टिकते. अण्णा आणि मास्तर असे सात वर्षं टिकले आहेत.

नावं छापू नका म्हणाले. चालक ते अण्णा, वय सत्तावन्न. वाहक ते मास्तर, वय छत्तीस. आमच्या भागात कंडक्टरला मास्तरच म्हणतात. शाळेतल्या मास्तरांना हल्ली सर म्हणायला लागल्यापासून तो मान एकट्या कंडक्टरकडेच राहिलाय.

गाडीला अजून दोरी आहे. छताखालून मागून पुढं गेलेली, चालकाच्या डोक्याशी घंटी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अधिकृत भाषा एवढीच, दोन शब्दांची. बाकीचं ज्यानं त्यानं बसवायचं. या जोडीनं बरंच बसवलंय. दोन घंट्यांत अंतर ठेवलं तर ‘चला, पण दारात माणूस आहे’. दोन्ही जोडून आल्या तर ‘उशीर झालाय’. पावसाळ्यात एका वळणावर थांबा नसताना एकच घंटी हलकी वाजते. तिथल्या वाडीतली एक बाई गुडघ्यांनी अधू आहे, तिला फाट्यापासून वर चढवत नाही.

‘‘दोरी कुठल्या बाकापासनं वढली त्ये बी कळतं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मागनं वढली की आवाज मऊ येतो. मास्तर मागं उभं हायेत म्हंजी वळण जपून घ्यायचं. तिकिटं काढताना दोन्ही हात गुतलेलं असत्यात. माणूस धरणार कशाला?’’

हे मास्तरांना माहीत नव्हतं. सात वर्षांत अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री माझ्यासमोर कळलं तेव्हा मास्तर नुसते हसले आणि मशीनमधला कागदाचा रोल बदलायला लागले.

या दोघांचं भांडण मुळातच ठरलेलं आहे, आणि ते स्वभावाचं नाही, हिशेबाचं आहे. चालकाकडे डिझेल मागितलं जातं आणि वाहकाकडे उत्पन्न. एका लिटरला गाडी किती पळाली यावर अण्णांचं मोजमाप. गाडी जितकी कमी थांबेल, जितकी एका लयीत जाईल तितकं डिझेल वाचतं. मास्तरांचं मोजमाप भारमानावर, म्हणजे गाडी किती भरली यावर. त्यांना प्रत्येक हात करणारा माणूस हवा. थांब्याच्या अलीकडे पन्नास पावलांवर एकानं हात केला, पुढं शंभर पावलांवर दुसऱ्यानं, तर मास्तरांना दोन तिकिटं दिसतात आणि अण्णांना दोनदा पहिल्या गिअरवर आलेली गाडी. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ही ओढाताण कुणा वाईट माणसानं घडवलेली नाही, ती कामाच्या रचनेतच आहे. आणि कुठल्याही कचेरीत विक्रीवाला आणि हिशेबवाला यांच्यामध्ये हेच चालू असतं. फरक इतकाच, की तिथं दोघं दोन मजल्यांवर बसतात आणि एकमेकांना ईमेल लिहितात. इथं एकाच पत्र्याच्या डब्यात, रात्री एकाच गोधडीच्या अंतरावर.

तोडगा त्यांनी कधी बसून काढला नाही. हळूहळू निघाला. मास्तरांनी फाट्यावरच्या लोकांना एका जागी उभं राहायची सवय लावली. वर्षभर दारातून ओरडून ओरडून लावली. मग अण्णा त्या जागी न चुकता थांबायला लागले, गाडी रिकामी असो की भरलेली. पहिलं पाऊल कुणाचं, यावर दोघांचं एकमत नाही. दोघंही दुसऱ्याचं नाव घेत नाहीत.

एसटीचा जन्मच जोडीनं झाला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हतं, मुंबई सरकारचं खातं होतं. मला यात मौज वाटते ती अशी, की एवढ्या मोठ्या संस्थेच्या आरंभाची आठवण सांगताना लोक उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचं नाव सांगत नाहीत. सांगतात ती ही दोन नावं, आणि तीही कायम एकत्र. २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर विजेवरची पहिली ‘शिवाई’ सोडली, तेव्हा पुन्हा त्या दोघांची आठवण निघाली.

चालक-वाहकाच्या जोडीची सगळ्यांत गाजलेली गोष्ट मात्र आपल्याकडची नाही, बंगळूरची आहे. आणि तरी थोडी आपलीही आहे. तिथल्या शहर बसवर शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला वाहक होता आणि राजबहादूर नावाचा चालक. कर्मचाऱ्यांच्या नाटकांत या वाहकाला पाहून चालक त्याच्या मागे लागला, की तू मद्रासला जाऊन अभिनय शीक. नुसता मागे लागला नाही, आपल्या पगारातून पैसेही पाठवत राहिला. १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’ आला आणि वाहकाचा रजनीकांत झाला. २०२१ मध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना त्यानं व्यासपीठावरून या चालक मित्राचं नाव घेतलं. त्याचं घराणं मूळचं पुरंदरातल्या मावडी कडेपठारचं असं सांगतात, म्हणजे जेजुरीच्या खंडोबाच्या परिसरातलं.

ही गोष्ट मी घाट चढता चढता काढली. मास्तरांना ती पाठ होती. ‘‘सगळे आम्हाला हेच सांगतात,’’ ते म्हणाले. ‘‘पण आमच्यात रजनीकांत कोण, ते अजून ठरायचंय.’’

मास्तरांना फौजदार व्हायचं होतं. पदवीनंतर पुण्यात खोली घेऊन चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. एकदा पूर्व झाली, मुख्य गेली. वाहकाची जाहिरात निघाली तेव्हा वडिलांनी फॉर्म भरून आणला, यांनी सही केली. पहिली दोन वर्षं गाडीत ओळखीचं कुणी चढलं की ते मशीनमध्ये तोंड घालायचे. तो राग कधी गेला, हे त्यांना नेमकं सांगता येत नाही. मी बराच खोदून विचारलं, कारण लेखासाठी मला तो क्षण हवा होता. असा क्षण नव्हता. त्यांनी सांगितली ती एक तूट.

वाहकाच्या पिशवीतला पैसा हा त्याचा जीव असतो. मशीनमध्ये जितकी तिकिटं फाटली तितकी रक्कम आगारात भरायची. कमी पडली तर खिशातून. यूपीआय आल्यापासून सुट्ट्या पैशांची कटकट कमी झाली, पूर्वी तिकिटाच्या पाठीमागं ‘बाकी’ लिहून द्यायची आणि उतरताना आठवणीनं परत करायची, त्यात हिशेब सुटायचा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका यात्रेच्या दिवशी मास्तरांना साडेअकराशे रुपये तूट आली. महिनाअखेर. कॅश भरायच्या खिडकीशी ते पुन्हा पुन्हा नोटा मोजत होते. अण्णांची ड्युटी संपली होती, त्यांनी घरी जायला हरकत नव्हती. ते बाकावर बसून राहिले. मग उठले, वरच्या खिशातून पाचशेच्या दोन नोटा आणि खालच्या खिशातून दीडशे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि म्हणाले, ‘‘चला, माझी बस चुकंल.’’

पैसे तीन हप्त्यांत फिटले. त्या विषयावर दोघांत पुढं एक वाक्य झालं नाही.

मला वाटतं, इथं आपली नेहमीची समजूत उलटी पडते. आधी मन जुळतं, मग काम नीट होतं, असं आपण धरून चालतो. या दोघांची मनं किती जुळली आहेत ते मी सांगू शकत नाही. राजकारण वेगळं, पिढी वेगळी. अण्णा माळकरी, मास्तरांना रविवारी मटण लागतं. एकमेकांच्या घरी ते सात वर्षांत दोनदा गेलेत, तेही एकदा लग्नाला आणि एकदा मयताला. पण दुसऱ्याचं अर्धं काम तो करेलच, मला मागं वळून बघायची गरज नाही, ही खात्री त्यांच्यात आहे. ती गप्पांतून आलेली नाही.

नासाच्या एका अभ्यासाची इथं आठवण होते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात थकव्याचा वैमानिकांवर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. एकीकडे सुट्टी घेऊन ताजेतवाने आलेले, दुसरीकडे काही दिवसांची फेरी संपवून थेट आलेले. दोघांनाही नकली विमानात बसवून अडचणीत टाकलं. थकलेले चुकतील, अशी अपेक्षा. झालं भलतंच: थकलेल्यांनी काम अधिक चांगलं केलं. कारण ते नुकतेच एकमेकांबरोबर उडून आले होते आणि ताजेतवाने एकमेकांना नवखे होते. अण्णांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘मग विमानाला बी रोज नवीन जोडी देत्यात का?’’ आगाराच्या तक्त्यावरची ती टीका होती. मी पुढं बोललो नाही.

आता संपाचं सांगायला हवं, कारण ते टाळून या जोडीबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप पेटला. महामंडळ सरकारात विलीन करा, ही मागणी. पगार तुटपुंजे होते आणि तेही वेळेवर नव्हते; कोरोनात याच लोकांनी परराज्यातल्या मजुरांना सीमेपर्यंत सोडलं होतं, मुंबईत बेस्टच्या मदतीला जाऊन गाड्या चालवल्या होत्या. काही कर्मचाऱ्यांनी जीव दिले. संप साडेपाच महिने चालला. उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या म्हणून सांगितल्यावर मिटला. मधल्या काळात निलंबनं झाली, बडतर्फ्या झाल्या, आणि काही लोक एकेक करून कामावर परतले. बातम्यांत विलीनीकरण होतं, समिती होती, न्यायालय होतं. प्रत्येक आगारात एक रेघ पडली होती तिची बातमी फारशी झाली नाही. रेघेच्या एका बाजूला शेवटपर्यंत बाहेर राहिलेले, दुसऱ्या बाजूला आधी आत गेलेले.

अण्णा जानेवारीत आत गेले. मुलीचं लग्न ठरलेलं, पतपेढीचं कर्ज, नोकरीची शेवटची वर्षं. मास्तर बाहेर राहिले. निलंबित झाले, पाच महिने आठवडे बाजारात कांदे-बटाटे विकले. अण्णा ज्या दिवशी आत गेले त्या दिवशी फाटकाशी घोषणा देणाऱ्यांत मास्तर होते. काय घोषणा दिल्या ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

एप्रिलअखेर तक्ता लागला, तर वस्तीच्या गाडीवर पुन्हा हेच दोघं.

अकरा दिवस ते बोलले नाहीत. एक शब्द नाही. पण गाडी अकरा दिवस वेळेवर गेली आणि वेळेवर आली. एक घंटी, दोन घंट्या, शिट्टी, पत्र्यावर थाप. घाटातल्या वरच्या वळणावर गाडी एका दमात वळत नाही, एकदा मागं घ्यावी लागते आणि मागं दरी आहे. ज्या माणसाला आपण गद्दार म्हटलं, किंवा ज्यानं आपल्याला तसं म्हटलं, त्याच्या शिट्टीवर विसंबून अकरा रात्री गाडी मागं घेतली. मी विचारलं, भीती नाही वाटली? अण्णांना प्रश्नच कळला नाही. ‘‘राग माझ्यावर व्हता,’’ ते म्हणाले, ‘‘गाडीवर कशाला काढतील?’’

प्रवाशांना काही पत्ता नव्हता. फक्त वरच्या गावातल्या ज्या घरून या दोघांना भाकरी येते त्या आजींनी ओळखलं. एका ताटात दोन भाकऱ्या येत, त्या दोन ताटांत यायला लागल्या; कुणी मागितलं नव्हतं, आजींनीच आपणहून केलं. बाराव्या दिवशी सकाळी खालच्या स्टँडवर अण्णा कँटीनच्या खिडकीशी गेले आणि दोन चहा सांगितले. मास्तर आले, कप उचलला. माफी, खुलासा, मन मोकळं करणं, यातलं काही झालं नाही. त्या रात्री आजींकडून पुन्हा एक ताट आलं. कुणी कळवलं कुणास ठाऊक.

मनात काही राहिलंय का, हे मी मास्तरांना एकट्यात विचारलं. ‘‘राहिलंय की,’’ ते म्हणाले. ‘‘जाणार बी नाही. पण त्याचं ओझं गाडीला कशाला?’’

आता जोडीच मोडीत निघायला लागलीय. विनावाहक गाड्या आहेत. तिकीट स्टँडवरच, आत एकटा चालक. भाड्यानं घेतलेल्या गाड्यांवर चालक ठेकेदाराचा आणि वाहक महामंडळाचा. पगार वेगळे, साहेब वेगळे, रजा वेगळ्या. आणि चांगलंही घडतंय: २०२३ साली सासवड-नीरा मार्गावर एका महिलेनं एसटी चालवली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून वस्तीच्या गाडीलाही वेगळीच कळा आलीय. पूर्वी आठवड्याच्या बाजाराला घरातला बाप्या जायचा, आता सासू-सून दोघी जातात.

आम्ही वर पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. अण्णांनी गाडी देवळापाशी न लावता पुढं उतारावर नेऊन लावली आणि चाकाखाली दगड ठेवला. बॅटरी उतरलीय, स्टार्टर धड नाही. आगारात तीनदा लिहून दिलंय. उतारावर ठेवली की सकाळी नुसती सोडून दिली तरी चालू होते. मास्तरांनी पैशाची पिशवी शर्टाच्या आत घातली आणि तिच्यासकट मागच्या लांब बाकावर आडवे झाले. अण्णा पुढं, बॉनेटच्या उबेला. मी मधल्या बाकावर. अंधारात बराच वेळानं मास्तर म्हणाले, ‘‘अण्णा, मार्चला जाणार तुम्ही.’’ अण्णा अठ्ठावन्न पुरे करतात तेव्हा. पुढून काही उत्तर आलं नाही. ‘‘नवीन माणसाला आता सगळं पहिल्यापासनं,’’ मास्तर स्वतःशीच म्हणाले.

सकाळी पावणेसहाला गाडी उतारावरून सोडली, दुसऱ्या गिअरला इंजिन धरलं. दोन वाड्या झाल्या, दुधाचे कॅन चढले. मग तो फाटा आला. इथं सहा पोरी चढतात, खाली ज्युनिअर कॉलेजला जाणाऱ्या. या गाडीखेरीज पहिल्या तासाला पोचवणारं दुसरं काही नाही. त्या दिवशी पाचच होत्या. पाचही वर चढल्या. मास्तरांचा हात दोरीवर होता.

त्यांनी ती ओढली नाही. मागून काही बोललेही नाहीत. बोलण्यासारखं काय होतं? गाडी आधीच सात मिनिटं मागं होती.

अण्णांनी समोर बघतच इंजिन बंद केलं. फाट्यावर रस्ता सपाट आहे, उतार नाही. डिझेल वाचवायचं म्हणून हा माणूस एरवी इंजिन बंद करेल, पण या स्टार्टरच्या भरवशावर नाही. एकदम शांत झालं. धुक्यात वरच्या पायवाटेवरून कुणीतरी पळत येत असल्याचा आवाज आला, मग ती दिसली, एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात चपला.

ती चढली. अण्णांनी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मास्तर उतरायच्या आधीच पोरी उतरल्या होत्या, सवय असावी. त्यांच्यामागे दूधवाला, त्यामागे मी. सगळ्यांनी मागून जोर लावला, वीसेक पावलांवर इंजिनानं एक गचका दिला आणि धरलं. पळत पळत सगळे चढले. मास्तर शेवटी राहिले, एक पाय पायरीवर, एक हात दांडीला. दोरी आत होती. त्यांनी बाहेरून पत्र्यावर दोनदा थाप मारली.